डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याची पहिली ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली दोन वर्षे मी एक वापरलेला लायका एम१० हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची एकच लेन्स घेऊन आर्वी तालुक्यात, आणि हिवाळ्यात पूर्व विदर्भात, छायाचित्रे काढत आहे. या काळात लग्नाचे फोटो काढणारे तरुण, स्टुडिओ चालवणारे मित्र आणि हौशी शिक्षक यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहिले. ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने दिले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेंजफाइंडर म्हणजे नेमके काय? जुन्या घाटाचा दिसतो म्हणून त्याला तसे म्हणतात का?

नाही, घाटाचा या नावाशी संबंध नाही. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजण्याची यंत्रणा, आणि ती ज्या कॅमेऱ्यात बसवलेली असते त्यालाही तेच नाव मिळाले आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावर दोन खिडक्या असतात. एकीतून आपण पाहतो आणि दुसरीतून आलेले दृश्य आरशा-भिंगांच्या साहाय्याने पहिल्या दृश्याच्या मध्यभागी एका लहान उजळ चौकोनात पडते. या दोन खिडक्यांमध्ये लायकाच्या एम मालिकेत सुमारे ६९ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा किंचित जास्त. लेन्स फिरवली की तिच्या मागचा कंगोरा कॅमेऱ्यातील एका लहान चाकाला ढकलतो, त्याने चौकोनातील प्रतिमा आडवी सरकते, आणि ती मूळ दृश्यावर बरोबर बसली की त्या वस्तूचे अंतर लेन्सवर लागलेले असते.

आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की या कॅमेऱ्याच्या बहुतेक गुणांचा आणि तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

२. माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स१०० आहे. तो रेंजफाइंडर आहे ना?

तो रेंजफाइंडरसारखा दिसतो, परंतु रेंजफाइंडर नाही. एक्स१०० आणि एक्स-प्रो या मालिकांमध्ये कोपऱ्यात काचेची खिडकी असते आणि तिच्यात फोटोत किती येईल हे दाखवणारी चौकटही दिसते, मात्र फोकस चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतो. दोन प्रतिमा एकमेकींवर बसवणारी यांत्रिक जोडणी त्यांत नाही. ते कॅमेरे त्यामुळे कमी प्रतीचे ठरत नाहीत. उलट स्वयंचलित फोकस हवा असेल, तर इथल्या बहुतेक कामांसाठी मी तेच सुचवीन.

खरे डिजिटल रेंजफाइंडर मोजकेच झाले. पहिला एप्सनचा आर-डी१, २००४ सालचा. तो जपानच्या कोसिना या कंपनीच्या साहाय्याने तयार झाला, त्यात ६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, आणि प्रत्येक चित्रापूर्वी जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा खटका ओढून शटर चढवावे लागे. त्यानंतर लायकाचे एम८ (२००६), एम९ (२००९), एम टाइप २४० (२०१२), एम१० (२०१७) आणि एम११ (२०२२) आले. फ्रान्समधील पिक्सी ही लहान कंपनीही असा कॅमेरा बनवते. त्याला मागे पडदाच नाही, चित्रे फोनवर पाहायची असतात.

३. पहिल्या दिवशी खिडकीतून सगळे स्वच्छ दिसत होते, घरी येऊन पाहिले तर निम्मे फोटो धूसर. कॅमेरा खराब आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि पहिल्या आठवड्यात तो मी स्वतःलाही विचारला होता. कॅमेरा बहुधा ठीक असतो. लेन्समधून आलेलेच दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात फोकस चुकला की डोळ्यासमोरचे दृश्यच धूसर होते, म्हणून चूक लगेच कळते. रेंजफाइंडरची खिडकी ही साधी काच आहे. तिच्यात समोरचा माणूस, त्यामागची बैलबंडी आणि त्याही मागचे निंबाचे झाड सारखेच स्पष्ट दिसते, लेन्स कोठेही लावलेली असो. वर्षानुवर्षे ज्याने "दिसते तसे येते" या भरवशावर काम केले, त्याचा हात अशा वेळी लेन्सकडे जातच नाही.

यावर उपाय सवयीचा आहे. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर प्रथम चौकोनाकडे पाहावे, मगच चौकटीकडे. सुरुवातीचे काही दिवस हलत्या माणसांचे फोटो काढूच नयेत. घराच्या ओट्यावर बसून समोरचा विजेचा खांब, फाटकाची उभी पट्टी, शेजारच्या आजोबांच्या चष्म्याची कड अशा स्थिर गोष्टींवर चौकोन जुळवण्याचा सराव करावा. लेन्सच्या खालच्या बाजूस बोट टेकवण्याची खुंटी असेल, तर ती कोणत्या अंतराला कोणत्या दिशेस असते हे बोटाला पाठ होऊ द्यावे. मला साधारण तीन आठवडे लागले. त्यापूर्वी या कॅमेऱ्याविषयी मी जे मत बनवले होते, ते पुढे जवळजवळ पूर्ण बदलले. म्हणून कोणी दोन दिवस वापरून बरे किंवा वाईट मत दिले, तर ते मी फारसे मनावर घेत नाही.

४. दृश्य दिसत होते, शटरही वाजले, पण फोटो पूर्ण काळा आला. असे कसे?

लेन्सचे झाकण काढायचे राहिले असेल. खिडकी वेगळी असल्याने झाकण लावलेले असतानाही समोरचे सारे दिसते. हे प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. मी झाकण घरीच ठेवतो आणि लेन्सवर हूड लावतो.

५. चौकोन नेमका कोणत्या गोष्टीवर जुळवावा? कधी जुळतो, कधी जुळल्यासारखा वाटून फसवतो.

दोन्ही खिडक्या आडव्या रेषेत असल्याने यंत्रणा फक्त आडवे सरकणे ओळखते. उभी कड असेल तर प्रतिमा फुटलेली लगेच दिसते. आडवी कड असेल, उदाहरणार्थ शेताचा धुरा, पत्र्याची पडवी किंवा खाटेची पाटी, तर दोन्ही प्रतिमा एकाच रेषेवर सरकत राहतात आणि काहीच कळत नाही. अशा वेळी कॅमेरा उभा धरून जुळवावा आणि मग आडवा करावा.

दुसरी फसगत अधिक बेरकी आहे. एकसारख्या पुनरावृत्ती असलेल्या वस्तूंवर चौकोन चुकीच्या जोडीवरही चपखल बसतो. बांबूचे कुंपण, पऱ्हाटीच्या ओळी, थप्पी लावलेल्या पोत्यांच्या शिवणी यांवर एका बांबूची प्रतिमा शेजारच्या बांबूवर बसते आणि आपण निर्धास्त होतो. तेथे कुंपणाचा शेवटचा खांब किंवा त्यावर टाकलेले लुगडे असे काहीतरी एकुलते एक शोधावे. चेहऱ्यावर नाकाची कड किंवा डोळ्याचा कोपरा चांगला. पोळ्याच्या दिवशी मला सर्वांत खात्रीची जागा सापडली ती आकाशावर उठून दिसणाऱ्या, रंगवलेल्या शिंगांची.

समोर सूर्य असला की चौकोन पांढरा पडून पुसट होतो. डोळा किंचित इकडेतिकडे सरकवला किंवा कॅमेऱ्यावर हाताची सावली धरली, तर तो बहुधा परत दिसतो.

६. आठवडी बाजारात माणसे थांबत नाहीत. चौकोन जुळवेपर्यंत प्रसंग निघून जातो. मग हा कॅमेरा वेगवान आहे असे का म्हणतात?

कारण बाजारात चौकोन जुळवायचाच नसतो. लेन्सवर मीटरांत अंतरे कोरलेली असतात आणि त्यांच्या खाली, कोणत्या अॅपर्चरला (लेन्समधील प्रकाशाच्या छिद्राच्या मापाला) कोठून कोठपर्यंत स्पष्ट येईल, हे दाखवणाऱ्या खुणा असतात. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून ३ मीटरवर लावली, तर साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट मानता येते. तीच ५ मीटरवर लावली, तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत. भाजीच्या एका दुकानाच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या गिऱ्हाईकाचा फोटो काढायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत फोकस आधीच झालेला असतो, आणि कोणत्याही स्वयंचलित यंत्रणेला त्याहून लवकर फोकस करता येणार नाही.

त्यासाठी अंतराचा अंदाज मात्र स्वतःला यावा लागतो. शेतावरच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. पेरणीतले अंतर, तिफणीचे तास, विहिरीची खोली हे तो डोळ्यांनीच मोजत आलेला असतो. मी स्वतः नोकरदार घरातला असल्याने मला अंगणात टेप लावून दोन, तीन आणि पाच मीटर पाठ करावे लागले.

दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. हे आकडे जुन्या, फिल्मच्या काळातील मापावर आधारलेले आहेत. एम११ च्या ६० मेगापिक्सेलच्या चित्रात बारकाईने पाहिले, तर कडेची अंतरे मऊ वाटतात, म्हणून तेथे एक पायरी अधिक बंद अॅपर्चर धरावे. आणि ५० किंवा ७५ मिलिमीटरच्या लेन्सवर ही युक्ती फार कमी चालते, कारण स्पष्ट पट्टा अरुंद होतो.

७. चौकटीत जे धरले त्यापेक्षा फोटोत जास्त किंवा वेगळेच येते. चौकट चुकीची आहे का?

ती अंदाजाचीच आहे. खिडकीत एका वेळी दोन लेन्सच्या चौकटी दिसतात: ३५ बरोबर १३५, २८ बरोबर ९० आणि ५० बरोबर ७५. फोकस बदलला की चौकट तिरपी सरकते आणि लेन्स व खिडकी यांच्या जागेतील फरक भरून काढते. परंतु तिचा आकार बदलत नाही. एम१० मध्ये तो २ मीटर अंतरासाठी बरोबर ठेवलेला आहे. त्याहून दूरच्या दृश्यात फोटोत चौकटीपेक्षा अधिक भाग येतो, जवळच्या दृश्यात थोडा कमी. जवळून काढताना कडेला थोडी जागा सोडणे, एवढेच करता येते. फोटोच्या कडा काटेकोर हव्या असतील, तर मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्समधून येणारी थेट प्रतिमा, वापरावा. तो टाइप २४० पासून पुढच्या नेहमीच्या एम कॅमेऱ्यांत आहे, एम९ मध्ये नाही.

चौकटीच्या बाहेरचेही दिसते, याला मात्र मी या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण मानतो. बैलगाडी चौकटीत शिरण्याआधीच ती येताना दिसते.

८. मला चष्मा आहे. अडचण येईल का?

५० आणि ३५ च्या चौकटी चष्म्यातून दिसतात. २८ ची चौकट खिडकीच्या अगदी कडेला असल्याने डोळा फिरवावा लागतो. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, नंबराचे लहान भिंग बसवता येते, पण नेत्रिका मुळातच उणे ०.५ ची असते हे धरून नंबर ठरवावा. चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून नेत्रिकेभोवती रबर आहे ना, हे पाहून घ्यावे.

९. मे महिन्याच्या उन्हात काय सेटिंग ठेवावे? आणि वेचणीच्या फोटोत कापूस पांढराफटक का होतो?

दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) २००, एफ/८ आणि सेकंदाचा १/१००० भाग येथून सुरुवात करावी. "अॅपर्चर पूर्ण उघडून मागचे धूसर करायचे आहे" असे पुष्कळ जण लिहितात. एम१० चे यांत्रिक शटर १/४००० पर्यंतच जाते. आयएसओ १०० वरही एफ/२ ला त्या उन्हात सुमारे १/६४०० लागेल, म्हणजे चित्र जळणारच. त्यासाठी काळसर एनडी फिल्टर हवा. एम११ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जाते, त्याचे तोटे प्रश्न ११ मध्ये पाहावेत.

कापसाचा प्रश्न प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा आहे. जुन्या पद्धतीचे मापन मधल्या भागाला महत्त्व देते. मध्ये काळी माती आणि गर्द लुगडे असले, की कॅमेरा अंधार समजून प्रकाश वाढवतो आणि बोंडांतील पोत नाहीसा होतो. अंधाऱ्या भागातून या सेन्सरवर नंतर बरेच काही वर काढता येते, पण पांढरे एकदा जळले की परत येत नाही. वेचणीत मी मीटर दाखवतो त्याहून एक पायरी कमी प्रकाश घेतो. पांढरी टोपी आणि धोतर घातलेल्या म्हाताऱ्यांच्या फोटोलाही हाच नियम लागू पडतो.

१०. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, धूळ असते आणि मग पावसाळा. हा कॅमेरा टिकेल का?

कंपनीने एम१० साठी वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिले आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचा मे महिना त्या मर्यादेबाहेर आहे. मी वापरला आहे आणि तो चालला आहे, पण मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा उभ्या गाडीच्या काचेखाली तो कधीही ठेवलेला नाही. बॅटरीसाठी ते सर्वांत वाईट. ओल्या फडक्यात कॅमेरा गुंडाळण्याचा सल्ला मला एकाने दिला होता, तो कृपया कोणी अमलात आणू नये. सुती पिशवी आणि सावली पुरते.

धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचे कोणतेही अधिकृत मानांकन एम कॅमेऱ्यांना नाही. मळणी चालू असताना लेन्स बदलू नये. माझ्याकडे एकच लेन्स आहे, त्यामागे पैशाइतकेच हेही कारण आहे. धानाच्या रोवणीचे फोटो काढायचे असतील, तर छत्री धरणारा मित्र सोबत न्यावा.

वीज जाते तेथे हेही लक्षात घ्यावे, की एम१० ची बॅटरी लहान आहे आणि ती वेगळ्या चार्जरवरच भरते. एम११ यूएसबी-सी ने, म्हणजे पॉवर बँकेवरही, भरता येतो.

११. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात रात्री याचा उपयोग होतो का?

चांगला होतो, आणि माझी आवडती छायाचित्रे तिथलीच आहेत. दिवाळीनंतर वडसा परिसरातून मंडळ्या निघतात आणि गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. प्रेक्षक जमिनीवर, मंच उजेडात, बाकी सारे अंधारात. स्वयंचलित फोकस अशा वेळी चाचपडतो. येथे चौकोनात नटाच्या मुकुटाची किंवा कानाची उजळ कड आली की काम झाले. लेन्समागे एसएलआरसारखा आरसा नसल्याने शटर उडते त्या क्षणीही दृश्य डोळ्यासमोरून जात नाही, आणि एम१० चा आवाज ढोलकीच्या जवळ कोणाला ऐकू येत नाही.

एम११ वापरणाऱ्यांनी आवाज पूर्ण बंद करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक शटर लावले, तर हल्लीच्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटण्याची शक्यता असते, आणि वेगाने फिरणारी नर्तकी वाकडी येते. तेथे यांत्रिक शटरच ठेवावे.

१२. ताडोब्याला नेऊ का?

वाघासाठी नको. चौकटी १३५ मिलिमीटरपर्यंतच आहेत. बफरमधील गावे, मोहफूल वेचणाऱ्या बाया, गेटवरची पहाट यांसाठी अवश्य न्यावा.

१३. हुरड्याच्या ताटाचा, दागिन्यांचा जवळून फोटो निघत नाही. लेन्स बिघडली का?

नाही. रेंजफाइंडरची जोडणी ०.७ मीटरपर्यंतच चालते आणि बहुतेक लेन्स तेथेच अडतात. काही नव्या लेन्स, जसे लायकाची २०२२ ची ३५ मिलिमीटर एफ/१.४, ०.४ मीटरपर्यंत जातात, पण ०.७ च्या आत फोकस लाइव्ह व्ह्यूवरच पाहावा लागतो. लग्नाच्या कामात याचा त्रास होतो. व्हिडिओही एम१० व एम११ मध्ये नाही. पूर्ण लग्न या एका कॅमेऱ्यावर घेण्याचा धोका मी पत्करणार नाही.

१४. लहान कॅमेरा असल्याने लोक बुजत नाहीत, हे खरे आहे का?

शहरात असेल. दोनशे घरांच्या गावात कॅमेरा केवढाही असला, तरी कोणाचा कोण आला आहे हे वेशीवरच कळलेले असते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लहान लायका घेऊन नजरेआड फिरत, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींची आणि नंतर अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली, पण ती गर्दी होती. इथे मी आधी बसतो, चहा घेतो, विचारतो. एका बाजारात कांदे विकणाऱ्या काकाजींनी तीन फोटो झाल्यावर मला विचारले, "काहाडला का जी फोटो, का अजून मोजूनच राहिला?" कॅमेऱ्याच्या कामाचे इतके अचूक वर्णन मी तरी दुसरे ऐकलेले नाही.

१५. जुना एम८ किंवा एम९ स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

"स्वस्त" हा शब्द येथे जपून वापरावा. एम११ अमेरिकेत ८,९९५ डॉलरला, तेही लेन्सशिवाय, बाजारात आला होता. त्या तुलनेत काहीही स्वस्तच वाटेल.

एम८ चा सेन्सर पूर्ण आकाराचा नाही, त्यामुळे ३५ ची लेन्स सुमारे ४७ सारखी वागते. तो अवरक्त प्रकाश जास्त पकडतो, म्हणून काळे कृत्रिम कापड जांभळट येते. लेन्सवर खास फिल्टर लावल्याशिवाय रंग भरवशाचे नाहीत. काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठी मात्र तो अजूनही सुंदर आहे.

एम९ हा पूर्ण आकाराच्या सेन्सरचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर होता आणि त्याच्या १८ मेगापिक्सेलच्या सीसीडी सेन्सरच्या रंगांचे आजही कौतुक होते. परंतु सेन्सरवरच्या काचेला गंज लागण्याचा दोष त्याला आहे, आणि कंपनीने तो सेन्सर बदलून देणे आता थांबवले आहे. घेण्यापूर्वी एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. कडेला पांढरट वलय असलेले ठिपके दिसले, तर व्यवहार सोडून द्यावा. धुळीचा ठिपका फुंकणीने जातो, गंजाचा जात नाही.

१६. काल फोकस बरोबर होता, आज सगळे फोटो थोडे मागे जातात. काय झाले असेल?

यंत्रणेची जुळणी हलली असेल. माझ्या बाबतीत हे पहिल्याच उन्हाळ्यात झाले, आणि चूक माझीच होती. तळेगावच्या रस्त्याने कॅमेरा मोटरसायकलच्या हँडलला अडकवून नेला होता. आता तो पोटाशी, अंगरख्याच्या आत असतो.

तपासणी घरी करता येते. लेन्स अनंतावर लावून चंद्र किंवा काही किलोमीटर दूरचा मनोरा पाहावा. दोन प्रतिमा एकच दिसायला हव्यात. मग १ मीटरवर तिरपी ठेवलेली पट्टी घेऊन पूर्ण उघड्या अॅपर्चरला एका आकड्यावर चौकोन जुळवावा आणि फोटोत कोणता आकडा स्पष्ट आला ते पाहावे. लाइव्ह व्ह्यू असेल तर तोच आकडा पडद्यावर मोठा करून पडताळावा. हीच चाचणी दुसऱ्या लेन्सने करावी. दोन्ही चुकल्या तर दोष कॅमेऱ्यात, एकच चुकली तर लेन्समध्ये. प्रतिमा आडवी जुळते पण वर-खाली राहते, असे दिसले तर फोकस बरोबर येऊ शकतो, फक्त डोळ्याला त्रास होतो. लेन्स काढल्यावर आत दिसणारा स्क्रू स्वतः फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. माझ्या एका परिचिताने अनंत जुळवले आणि जवळचे सारे घालवले.

१७. एकच लेन्स एफ/१.५ ला अचूक येते आणि एफ/२.८ ला मागे जाते. कॅमेरा, लेन्स दोन्ही तपासले, दोष नाही. हे कसे?

काही लेन्समध्ये अॅपर्चर बंद करत गेले की सर्वांत स्पष्ट प्रतल मागे सरकते. झाइसची ५० मिलिमीटर एफ/१.५ सी-सोनार यासाठी प्रसिद्ध आहे. मिररलेस कॅमेरा प्रत्यक्ष प्रतिमा पाहून फोकस करत असल्याने हा फरक पकडू शकतो. रेंजफाइंडर फक्त लेन्सचा कंगोरा किती पुढे आला एवढे मोजतो, अॅपर्चर किती उघडे आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे प्रश्न १६ मधील सारी तपासणी बरोबर येऊनही फोटो चुकतो. एफ/५.६ च्या पुढे स्पष्ट पट्टा रुंद झाल्याने चूक झाकली जाते. मधल्या अॅपर्चरला चौकोन जुळवल्यावर शरीर किंचित मागे झुकवून फोटो घ्यावा. किती झुकवायचे हे प्रत्येक लेन्सला वेगळे असते आणि पट्टीवर आठ-दहा फोटो काढल्यावर लक्षात येते.